पानाला परवाना, फुलाला कोठडी

आमच्या व्याह्यांना सरकारची जेवढी काळजी, तेवढी खुद्द सरकारलाही नसेल. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. दुबईला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलगी, जावई, दोन नाती, व्याही आणि मी एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. व्याही-विहीण एका घरात म्हटल्यावर गावाकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. धाकटी नात पाच महिन्यांची, मुलीची रजा संपलेली, पोर सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

व्याही नाशिकला अबकारी खात्यात होते. तीस वर्षं लोकांच्या पिंपांना आणि दुकानांना सीलं लावली आणि रिटायर झाल्यावर उलटंच झालं, दिसेल तो नियम उघडून आत काय आहे ते बघायची खोड लागली. मेट्रोत च्युइंगम का नको, बाल्कनीत कपडे का वाळत घालायचे नाहीत. पाटी दिसली की उभे राहणार आणि म्हणणार, "यात सरकारला काय मिळत असेल?" मोठी नात सात वर्षांची, ती हात ओढायची, "आजोबा, बिकॉज इट्स द रूल. यल्ला, चला." ते हलायचे नाहीत. एकदा लिफ्टमधली पाटी वाचत राहिले आणि लिफ्ट त्यांना घेऊन तीनदा वरखाली झाली.

मी दुबईला यायला निघाले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. डबाभर अनारसे केले होते. व्हिडिओवर डबा बघून व्याह्यांचा चेहरा उतरला. "विहीणबाई, खसखस तिकडे चालते, इथे ती अफूत धरतात. एक दाणा नको." मी नवा टूथब्रश आणून अनारसे खरवडायला बसले. ते मोबाइलमधून बघत होते, "तो तिसरा उलटा करा बघू." उलटा केला. पण तळलेली खसखस निघते होय? शेवटी सगळा डबा शेजारणीला दिला. मग म्हणाले, "आणखी काय आहे बॅगेत?" मी तेलाची बाटली दाखवली.

आदल्या वर्षी माझ्या पाठीला नागीण झाली होती. नागीण गेली, आग ठेवून गेली. पंचवीस वर्षं मी खळ्यावर कांदे निवडलेत, नवरा गेला तेव्हा चौदाव्या दिवशी कामावर हजर होते, दुखण्याचं मला नवल नव्हतं. पण या आगीवर पदर टेकला तरी जीव जायचा. वैद्यांनी चिठ्ठी लिहून विजयाचं तेल दिलं, जिभेखाली दोन थेंब. त्या थेंबांनी मला झोप लागायला लागली. विजया म्हणजे भांग, हे मला व्याह्यांनी त्या दिवशी सांगितलं.

"ती बाटली तिथेच ठेवा. इथे तुरुंग आहे."

"अहो, औषध आहे. चिठ्ठी आहे ना वैद्यांची."

"चिठ्ठीसकट नेतील."

बाटली नाशिकला कपाटात ठेवून दुबईला गेले. तिथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, त्यांनी आग थोडी निवायची पण भोवळ यायची. एकदा पोर कडेवर असताना मी दाराची चौकट धरून खाली बसले. घरात फक्त व्याही होते. पोर त्यांनी उचललं, मला पाणी दिलं आणि मुलीला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "चला, विचारून येऊ."

"कुणाला?"

"सरकारला."

आरोग्य खात्याच्या काउंटरवर काळ्या पायघोळ अबायातली तरुण मुलगी होती, हिंदी छान बोलायची. तिने चिठ्ठी वाचली आणि शांतपणे म्हणाली, "अंकल, बाटली कहाँ है?"

"नाशिक में. कपाट में, साड़ियों के नीचे."

"पक्का?"

मग आतून दोन साहेब आले, त्यांनीही बाटलीच विचारली. व्याही मात्र माहेरी आल्यासारखे खुलले होते. त्या मुलीला म्हणाले, "हमारे यहाँ इस पेड़ के पत्ते को, यानी भांग को, परवाना, और फूल को, यानी गांजे को, कोठडी. तुम्हारे यहाँ पत्ते को भी कोठडी. पेड़ वही. डर किस बात का है?"

ती म्हणाली, "मालूम नहीं अंकल. आज तक किसी ने पूछा नहीं." परवानगी मिळणार नाही म्हणाली. मग मला खुर्ची दिली आणि कुठे दुखतं ते विचारलं.

बसस्टॉपवर आम्ही बसची वाट बघत होतो. "विहीणबाई, डोंगरात एकदा धाड घातली होती," व्याही म्हणाले. "एका म्हातारीच्या चुलीमागे गांजाचं गाडगं निघालं. म्हणाली, नवऱ्याच्या दम्याला लागतो, सायेब, यात तुमचं काय जातं? मी सील लावलं. वाटलं, काय जातं ते वरच्यांना माहीत असेल. वरच्यांनी आणखी वर बोट दाखवलं असतं. दारूवर कर मिळतो म्हणून तिला दुकान, आणि याला धाड, असं असेल? का खरंच लोकांच्या भल्यासाठी असेल? मला अजून कळलेलं नाही."

"म्हातारीचं काय झालं?"

"ते बघायला गेलो नाही."

बस आली. बसमध्ये मीच म्हणाले, "मी नाशिकला जाते. पोर हातातून पडलं तर मला जगता यायचं नाही." त्यांनी मान हलवली. मुलीला त्यांनीच समजावलं. ती रडली, मग तिने पोरीसाठी पाळणाघर शोधलं.

आता रोज दोन थेंब घेते, झोप लागते. पाठ बरी आहे. मागच्या रविवारी व्याह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलमध्ये नुसती फरशी दिसत होती. गुडघे दुखतात तरी ते जमिनीवर बसले होते, मोबाइल अगदी खाली धरून, म्हणजे मला धाकटीची पावलं दिसावीत. एक, दोन, तीन, आणि बसली. व्याह्यांच्या धापा ऐकू येत होत्या. सरकारचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही. फक्त म्हणाले, "दिसलं का नीट? थांबा, परत चालवतो."