पेंटरकाकांची फिर्यादी बाई

चित्र पुरं झालं असं पेंटरकाका स्वतः कधी म्हणत नसत. ते बाजारानं म्हणायचं. बिडीबंडलांची लेबलं काढण्यात त्यांची हयात गेली. नवं लेबल झालं की ते एकोडीच्या बाजारात दोरीला टांगायचे आणि अक्षरशत्रू माणसाला गाठून विचारायचे, "हे काय हाय, सांगा बरं?" तिघांनी तीन उत्तरं दिली की चित्र तिथंच फाडायचे.

बांगलादेशचं युद्ध नुकतंच संपलं होतं. तिथं कत्तली करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांवर साऱ्या जगासमोर खटला चालवा, ही आम्हा कॉलेजातल्या पोरांची मागणी. पत्रकं मी लिहायचो, ओळीओळीत 'नराधम'. पोस्टरसाठी काकांना मी मांडीवर मेलेलं लेकरू घेऊन रडणारी आई सांगितली. त्यांनी काढली, पण छापू देईनात. "आधी बाजारात लावू."

लावली. एका म्हातारीनं चित्रापुढे ओंजळभर तांदूळ ठेवले, हात जोडले आणि ती निघून गेली. मागून आणखी दोघींनी तेच केलं. मला भरून आलं. काका माझ्यावरच उखडले.

"तुले तांदूळ पायजे होते का खटला?"

"लोकांना दया तर आली ना, काका."

"आली अन् गेली. तू रडनं विकून राहिला, बाबू. मारनारा कोठं हाय याच्यात?"

बिडीवाल्याची अक्कल माणसांच्या कत्तलीला लावता, असं मी तोंडावर बोललो. ते शांतपणे ब्रश धूत राहिले. "बिडी असो का न्याय, ज्याले वाचता येत नाही त्यालेबी दिसाले पायजे, आपन काय मांगतो ते."

पुढच्या बाजारी नव्या चित्रात तीच बाई उभी होती. डोळ्यांत टिपूस नाही. समोर वर्दीतला माणूस आणि तिचं बोट थेट त्याच्यावर. तीच म्हातारी थबकली. "यानं काय केलं, बापा?"

काका माझ्याकडे वळले. "हां, आता वाच तुझं पत्रक."

वाचलं, सगळे नराधम गाळून. त्या दिवशी खटल्याच्या मागणीच्या आमच्या अर्जावर अंगठे उठवायला जागा पुरली नाही. पुढे आसगावपर्यंतच्या भिंतींवर काकांच्या ब्रशानं ती बाई उभी राहिली.

खटला झाला नाही. सरकारांनी आपसात समझोता केला आणि ते अधिकारी सुखरूप घरी गेले. मी हे कुणालाच माफ केलेलं नाही. त्यानंतर बिडी कारखान्याचे शेठजी काकांकडे आले. चित्र लोकांच्या ओळखीचं झालंय, खटला तर बारगळला, मग 'बोटवाली बाई छाप' काढू म्हणाले.

"बाई लेबलावर नाही जानार, शेठजी. तिची फिर्याद बाकी हाय."

"मग दुसऱ्याला सांगतो. यापुढची लेबलंही त्यालाच."

काका दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. तरी दरवर्षी दिवाळीआधी भिंतींवरची ती बाई ते स्वतःच्या रंगानं उजळायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "आता काहून करून राहिले, काका? कोण उभं करणार त्यांना कोर्टात?"

"मेले का ते?"

"नाही."

"मंग."

काका परवाच्या उन्हाळ्यात वारले. त्या अधिकाऱ्यांतले कितीतरी अजून पेन्शन खात असतील.