चहा नको म्हणायची नोकरी

परवा आम्ही जुने सर्व्हेवाले जमलो होतो. सगळे सत्तरीच्या पुढचे. एकाचे गुडघे गेलेत, एकीला ऐकू येत नाही, पण किस्से मात्र सगळ्यांचे ठणठणीत! आमच्या धंद्यात हे असंच होतं. आकडे रिपोर्टात जातात, रिपोर्ट परदेशातल्या कुठल्या तरी कपाटात जातो, आणि फॉर्मच्या एकाही रकान्यात जे बसलं नाही ते आपल्यापाशी साठत राहतं.

मी पुढं पुष्कळ फिरले. रोम, नैरोबी, ढाका. लोक म्हणतात, तिकडचं सांगा. तिकडचं काय सांगू? तिकडं हॉटेलं होती. माझे किस्से सगळे नगर जिल्ह्यातले, बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे दोन वर्षं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, पुण्याची, एकटी.

प्रोजेक्ट परदेशी पैशाचा. तीन गावं निवडलेली. एक श्रीगोंद्याकडचं उसाचं, एक राजूरच्या डोंगरातलं, एक शेवगावकडचं ठार कोरडं. प्रत्येक घरी पंधरवड्यातून एकदा जायचं, ‘काल काय खाल्लं?’ विचारायचं, पीठ तोलायचं, माणसांची वजनं करायची. प्रमुख होत्या डॉक्टर इंग्रिड, उंच आणि कडक. त्या नगरला राहायच्या. मी त्यांची समन्वयक, शेवगावात एक खोली घेऊन राहिलेली. जीप चालवायला बशीरभाई, शेवगावचेच.

आणि एक नियम. ज्या घरचं मोजायचं, त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. चहा नाही, पाणीसुद्धा आपल्या फिरकीच्या तांब्यातलं! का, तर एकदा मिंधेपणा आला की माणसं खरं सांगत नाहीत, आणि आपणही खरं लिहीत नाही. मी लगेच हो म्हटलं. पुण्यात बसून हो म्हणायला काय जातं!

* * *

पहिलाच दिवस, श्रीगोंद्याकडचं गाव. एक बागायतदार अण्णा, ओसरीवर सतरंजी घातलेली. चहा आला, बशीत बिस्किटं आली. मी म्हटलं, “नको.”

“का? आमच्यात काय उणं दिसलं?”

मी नियम समजावायला लागले तसे अण्णा उठले आणि सरळ जीपसमोर जाऊन उभे राहिले. “चहा घेतल्याबिगर गाडी हलायची न्हाई!”

मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. बशीरभाई शांतपणे खाली उतरले. “अण्णा, बाईंचा उपास हाय.”

“उपासाला चहा चालतो की!”

“ह्यो निर्जळी हाय.”

अण्णांनी हात जोडले आणि बाजूला झाले. झालं! सोमवार निभावला. पण मंगळवारी दुसरं घर, तिथंही उपास. बुधवारी उपास. शनिवारपर्यंत गावातल्या बायका मला बघून डोक्यावरचा पदर सारखा करायला लागल्या. शेवटी एक म्हातारी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “लई कडक धरलंय बाई. नवरा मिळायला का गेलेला परत यायला?”

बशीरभाई थेट श्रीगोंद्यापर्यंत हसत होते. मीही हसले. खोलीवर येऊन कुलूप काढलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

* * *

राजूरकडच्या गावात एक म्हातारेबुवा होते. दर खेपेला मी विचारायची, काल काय खाल्लं, किती खाल्लं, कोणी रांधलं. ते निमूट सांगायचे. चौथ्या खेपेला त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

“पोरी, एवढ्या लांबून येतीस नि दुसऱ्याच्या जेवनाचं इचारीत बसतीस. तुझ्या घरी कोनी रांधत न्हाई व्हय?”

मी लिहिलं, नागलीची भाकर, दोन.

* * *

शेवगावकडच्या गावात मला नावच पडलं होतं, ‘काट्याच्या बाई’. वजनकाटा घेऊन फिरते म्हणून. लोक काय काय तोलायला आणायचे! कोंबडी, तान्हं पोर, बहिणीच्या वाट्याची तूर.

एके दिवशी दोघी जावा सासूलाच घेऊन आल्या. रखमाआजी. एक महिना थोरलीकडं, एक महिना धाकटीकडं, अशी म्हातारीची पाळी होती. थोरली म्हणायची, धाकटी उपाशी ठेवती. धाकटी म्हणायची, थोरलीच ठेवती.

“बाई, दर पाळीला हिला तुमच्या काट्यावर उभी करायची. कोनाकडं झडती ते कळू द्या एकदा गावाला!”

हसू नका, मी खरंच केलं ते! तीन महिने पाळी बदलायच्या दिवशी म्हातारी काट्यावर चढायची आणि अर्धं गाव काट्याभोवती वाकायचं. वजन तसूभर हलेना. ना चढलं, ना उतरलं. दोघी जावा हैराण.

शेवटच्या वेळी उतरताना म्हातारीनं माझा खांदा धरला आणि कानात सांगितलं, “दोघी बी चतकोरच वाढत्यात. मी पोटभर जेवते ती गयाकडं.”

गयाबाई म्हणजे शेजारीण. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, लेक नांदायला गेलेली, घरात एकटी. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि तिथं मिळालेल्यातलं म्हातारीला वाढायची. सख्खं नातं काही नाही.

मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. अगदी खरं सांगते. माझ्या काट्यावर एवढं सगळं तोललं जात होतं, पण जाऊन बसावं असं हक्काचं घर म्हातारीला होतं आणि मला नव्हतं.

* * *

ईदच्या दिवशी बशीरभाई सकाळीच खोलीवर आले. हातात डबा. “बाई, शीरखुर्मा. आमच्या घरनं पाठवलाय.”

मी चप्पल शोधायला लागले. मला वाटलं, घरी बोलवायला आलेत.

“चलतो बाई, घरी पावने हायेत लई,” म्हणाले, आणि गेले! त्यांना वाटलं असणार, ह्या बाई कुणाच्या घरचं घेत नाहीत, डब्यातलं तरी घेतील. शीरखुर्मा फार सुरेख झाला होता. मी उभ्याउभ्याच संपवला.

* * *

दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यात डॉक्टर इंग्रिड शेवगावकडच्या गावाला आल्या. सरपंचांच्या घरी पाट मांडलेले. बाईसाहेब खुशाल बसल्या! भाकरी, खर्डा, वर ताक. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ‘छान, छान’ चाललंय. मी बाजूला काटा धरून उभी.

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, “आणि तो नियम?”

“नियम मोजणाऱ्यांसाठी. मी पाहुणी आहे!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलते कुणाला? त्या फॉर्म चाळायला लागल्या होत्या. एकदम थांबल्या. “दुष्काळ आहे ना? मग या गावात प्रत्येक घरी चहा दोन वेळा? दूध घालून?”

“बायका सांगतात ते मी लिहिते.”

त्यांनी थोडा विचार केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू कधी त्यांचा चहा घेतला नाहीस. म्हणून माझा या आकड्यांवर विश्वास आहे.”

दोन वर्षांत मिळालेली ही एकमेव शाबासकी.

* * *

आता गयाबाईचं.

मी गल्लीत शिरले की ती लांबूनच ओरडायची, “आलात? बसा, चहा टाकते!” मी नको म्हणायची. मग ती दंडाला धरून आग्रह करायची. “घोटभर घ्या की! एवढं काय परकं समजता?” कधीकधी तर चुलीवर भांडंसुद्धा चढवायची. साऱ्या गल्लीत हेच. पारू, हौसा, सगळ्याजणी दारात उभं राहून “आमच्याकडं घ्या, आमच्याकडं घ्या.” मी सगळ्यांना नको म्हणत म्हणत पुढं जायची, आणि दर खेपेला जीपमध्ये बसल्यावर मला तो न घेतलेला चहा आठवायचा. चहाची तल्लफ नव्हती हो. कुणाच्या तरी उंबऱ्याच्या आत बसून, काही न लिहिता, काही न विचारता, दोन घटका बोलावं असं वाटायचं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काम संपलं की पहिला चहा गयाबाईकडं.

आणि काम संपलं. फॉर्मचे गठ्ठे जीपमधून नगरला गेले. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार, खडीला सुट्टी, म्हणजे बायका घरी. मी चांगलं पातळ नेसले आणि एसटीनं निघाले. पिशवी नाही, काटा नाही, पेन्सिलसुद्धा नाही. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत गेले. इतकी खुशीत होते की ऊन कळलं नाही.

गयाबाई दारात भांडी घासत होती. मला बघून हात विसळले आणि नेहमीसारखंच ओरडली, “आलात? बसा, चहा टाकते!”

“टाका,” मी म्हटलं.

“आं?”

“टाका म्हटलं! आज घेणार. काम संपलं गयाबाई, नियम संपला. आज मी पाहुणी!”

ती हसली. मग तसंच हसू ठेवून पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत होती.

“बसा की मग,” म्हणाली. “बसा हां.”

मी आत घोंगडीवर बसले. तिनं एक डबा उघडला. मग दुसरा. दोन्हींची झाकणं लावली आणि मागच्या दारानं गेली. भिंत पातळ, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“पारे, पावडर हाय का गं? चिमूटभर?”

“मपल्याकडं कुठली?”

“हळू बोल. बाई बसल्यात.”

“घेनार म्हनल्या?”

“व्हय.”

“अगं बया!”

मग पुढच्या घराची कडी वाजली. मग त्याच्या पुढच्या. पावडर हौसाच्या घरातून निघाली, आजाऱ्यासाठी पुडीत बांधून ठेवलेली. गुळाचा खडा आणखी कुणाकडून आला. कुणाची तरी शेळी अवेळी पिळली, ती बेंबटत होती. ही सगळी माझीच घरं. प्रत्येक घरचा फॉर्म मला तोंडपाठ होता.

उठून निघून जावं असं वाटलं. पण गेले असते तर मग त्यांनी काय करायचं होतं? बसून राहिले.

बऱ्याच वेळानं चहा आला. कान तुटलेला कप, बशी दुसऱ्याच घरची. एकच कप. गयाबाईच्या मागं पारू, हौसा, रखमाआजी, सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली होती. मी कसा घेते ते बघायला.

“आणि तुमचा?” मी विचारलं.

“आमचा आत्ताच झाला की,” गयाबाई म्हणाली. “सकाळधरनं दुसऱ्यांदा.”

दारातल्या सगळ्याजणींनी माना हलवल्या.