उजवीकडचा खांदा

हरेश्वर गेल्याची बातमी मला माझ्या बायकोकडून कळली. सातिवलीच्या गाळ्यात मी महिनाअखेरची बिलं करत बसलो होतो. मीनाचा फोन आला आणि रडता रडता ती एवढंच म्हणाली, "अहो, हरेशभाऊ गेले..." दुपारी जेवून पडवीत आडवा झाला, तो उठलाच नाही. मी पाणी प्यालो, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथे लिहायलाच हवा, नाहीतर आमची मैत्री कुणाला समजायची नाही. त्याच्या घरून पहिला फोन मीनाला गेला होता. मला नाही. मित्र माझा, ऑर्केस्ट्रात त्याला आणलं मी, आणि फोन तिला! जिवंतपणी जे सलत होतं, ते लेकाने जाता जाताही सोडलं नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा लहानसाच. विरारपासून नायगावपर्यंत हळदी, बारशी, गणपती, नवरात्र... शनिवार-रविवारी वाजवायचं आणि सोमवारी आपापल्या कामाला लागायचं. स्टेजवर मधोमध मीना गायला, तिच्या डावीकडे कीबोर्डमागे मी, उजवीकडे गिटार घेऊन हरेश्वर, आणि पाठीमागे ऑक्टोपॅडवर ताल धरणारा बबन. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये वाद्यांचं जे वाजतं त्याला आम्ही पीस म्हणतो. बासरीचा, सनईचा, व्हायोलिनचा, सगळे पीस कीबोर्डवर माझेच. पीस संपत आला की मीना मान वळवून माझ्याकडे बघायची, मी जरा मान तुकवायचो आणि ती अंतरा उचलायची. क्षणभराची नजर, पण आमचं लग्न त्या नजरेवरच जमलं. चिपळूणहून इथे येऊन दोन खोल्या घेतलेल्या माझ्यासारख्या कारकुनाकडे दुसरं होतं काय? ती नजर तेवढी माझी होती.

हरेश्वरकडे मात्र सगळंच होतं, निदान मला तसं वाटायचं. खाडीकाठचं पिढीजात घर, भाताची जमीन, तिच्यातल्या काही तुकड्यांवर उभे राहिलेले गाळे, त्यांचं येणारं भाडं. उंच, सावळा, रुंद खांद्यांचा. चिखलात बांध घालणारे हात गिटारीवर इतके हलके कसे पडायचे, याचं सगळ्यांना कौतुक आणि मला पोटदुखी. गिटार शिकला तो शेजारच्या गावच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे. त्यांनी जाताना आपली गिटार त्याला दिली. तपकिरी रंगाची, एका कडेला पोपडे उडालेली. ती तो कुणाला हात लावू देत नसे. मला देत असे, हेही सांगायला हवं.

नव्वदीच्या शेवटाकडे त्याने गिटार सिंथेसायझरचं खूळ घेतलं. पायाशी ठेवायची चपटी पेटी. गिटारच्या तारांखाली एक बारीक पट्टी बसवायची, तिला पिकअप म्हणतात. ती सहाही तारा वेगवेगळ्या ऐकते, पेटी त्यातले सूर ओळखते आणि त्या जागी बासरी नाहीतर सनई काढून देते. म्हणजे वाजवायची गिटार, ऐकू येणार सनई. म्हणजे माझे पीस! आणि हे घ्यायला जाताना तो मलाच म्हणाला, "इलास, तू चल. पेटी मी उचलीन, पन कान तुजे पायजेत." बोकडालाच सुरी निवडायला नेणारा माणूस तेवढा हाच.

मुंबईच्या त्या दुकानात दोन पेट्या समोर आल्या. एक नवी कोरी, ढिगाने टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, दिवे लुकलुकणारे. दुसरी कुणीतरी वापरून विकलेली, टोन मोजकेच. हरेश्वरचे डोळे नवीवर. मी दोन्ही वाजवून घेतल्या. नव्या पेटीतला सूर किंचित मागे राहायचा, तार छेडली की ती जणू विचार करून बोलायची. जुनी चटकन बोलायची. मी गप्प राहिलो असतो तर त्याने नवी घेतली असती आणि माझे पीस माझ्याकडेच राहिले असते. पण कानाला ते सहन होईना. "जुनी घे," मी म्हणालो, "नवीत ताल सांडतोय." दुकानदार म्हणाला, "भाईसाब, फिर गिटार भी ये ले लो, इसमें पिकअप फिट होके आता है." ती गिटार गुळगुळीत, लालभडक. हरेश्वरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मास्तरांची हाय ना माजी," तो म्हणाला. त्यामुळे सुटा पिकअप घेतला आणि पुढचं सगळं निस्तरायला आम्ही दोघं उरलो.

मास्तरांच्या गिटारीला भोक पाडायचं नाही, ही त्याची अट. मग पट्टी चिकटवून बसवायची ठरली. तारांच्या अगदी खाली, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला लागून, पण टेकता कामा नये. जवळ गेली तर तार आपटते, लांब राहिली तर तिला ऐकू येत नाही. अंतर मोजायचं कशाने? ऑर्केस्ट्रावाल्याच्या घरी लग्नपत्रिकांना काय तोटा! जाडसर पत्रिकेचा एक तुकडा कापला, गिटारच्या मानेवरच्या शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची, पत्रिका तार आणि पिकअपच्या मधे सरकवायची, अडकली की पिकअपचा स्क्रू सैल. असा त्याच्या पडवीत एक अख्खा रविवार गेला. त्याच्या बायकोने, जागृतीवहिनींनी, दोनदा चहा आणला, दोन्हीदा तो निवला. हरेश्वर तार दाबायचा, मी स्क्रू फिरवायचो. संध्याकाळी पहिल्यांदा त्या गिटारीतून सनई निघाली तेव्हा खाडीकडून घरी चाललेली दोन माणसं कुंपणाशी थबकली. "कोनाचं लगीन हाय रं?" त्यातल्या एकाने विचारलं. हरेश्वर हसता हसता खाली बसला. मीही हसलो, पण घरी येताना माझं तोंड कडू झालं होतं.

पहिला कार्यक्रम राजोडीला, एका हळदीला. आणि तिथे देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं. हा गडी आयुष्यभर साध्या गिटारीवर ऐसपैस हात मारायची सवय असलेला. बोट सरकताना होणारी किरकिर, चुकून हललेली मोकळी तार, साध्या गिटारीत हे सगळं खपून जातं. पेटी मात्र प्रत्येक चुकार आवाज इमानदारीने सनईत वाजवायची. मीनाच्या गाण्यात मधूनच सनई मांजराचं शेपूट चिरडल्यासारखी केकाटली. मंडपातली पोरं फिदीफिदी हसली. मला तर आतून इतकं गार वाटलं की विचारू नका. गाणं चालू होतं, आणि मीनाने काय करावं? केसांना बांधलेला तो मखमली रबर, जांभळा, मीच वसईच्या बाजारातून आणलेला, तिने खसकन ओढला आणि त्याच्याकडे टाकला. हरेश्वरने तो गिटारच्या मानेवर चढवला. मोकळ्या तारा मुक्या झाल्या. उरलेला कार्यक्रम स्वच्छ वाजला, आणि मीना केस मोकळे सोडून गायली. त्या दिवशी ती कशी गायली हे राजोडीची माणसं अजून सांगतात. मला ऐकवत नाही.

तो रबर मानेवरच राहिला. "परत दे की," मी एकदा म्हणालो. "तुज्या बायकोचा हाय, चोरून नाय नेत," तो म्हणाला, आणि दिला नाही.

पुढे त्याने हात घासून घासून साफ केला. जाड तारांचे सूर ओळखायला जुन्या पेटीलाही जरा वेळ लागायचा. म्हणून तो किंचित आधी वाजवायला शिकला. आधी उजवा खांदा पुढे यायचा, हात पडायचा आणि मग बरोबर तालावर सनई उमटायची. सनईचे पीस त्याचे झाले, मग बासरीचे, मग व्हायोलिनचे. माझ्याकडे राहिलं मागे सूर भरायचं काम. आणि मीनाची मान उजवीकडे वळायला लागली. अंतऱ्याआधी मला दिसायचा फक्त तिचा अंबाडा. एकदा न राहवून मी घरी विषय काढला. "कीबोर्डमागून तुमचं नुसतं टक्कल दिसतं," ती म्हणाली, "हरेशभाऊंचा खांदा हलला की मला आधीच कळतं." यात वाईट काय होतं? काहीच नाही. तो तिला वहिनी म्हणायचा, दर भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घ्यायचा. कुणाकडे बोट दाखवावं असं काही असतं तर मला सोपं गेलं असतं. नुसत्या नजरेचा मत्सर घेऊन माणूस जाणार कुठे?

शोकसभेत बबन बोलला, "हरेशभाईसारखी सनई पुन्हा होणे नाही." टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना हलवल्या. पेटी कुणी निवडली, टोन कुणी लावून दिले, हे कुणी बोललं नाही. मी मागच्या रांगेत पाय हलवत बसलो होतो. त्यानंतर एका सकाळी जागृतीवहिनींनी बोलावलं. पडवीत गिटार स्टँडवर होती, मानेवर तो जांभळा रबर, आता विटून मातकट झालेला. "भावजी, एकदा आवाज काढून दावा ना त्यातला," त्या म्हणाल्या. मला गिटार येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी पेटी लावली, टोन निवडला, गिटार मांडीवर घेतली आणि एक तार कशीबशी दाबून छेडली. सनई केकाटली, थेट राजोडीसारखी! वहिनी खळखळून हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना गेला. रबर काढून घ्यावा असं क्षणभर मनात आलं होतं. मी तो जरा सारखा केला आणि तिथेच राहू दिला.

गेल्या पंधरवड्यात निर्मळला एका साखरपुड्याचा कार्यक्रम होता. हरेश्वर असतानाच ठरलेला, मोडता येण्यासारखा नव्हता. सगळे पीस माझ्याकडे परत आले. दहा वर्षं मनातल्या मनात जे मागितलं ते आयतं हातात पडलं होतं. त्याच्या जागी साउंडवाल्याने एक स्पीकर उभा केला होता. सनईचा पीस मी नीट वाजवला, एकही सूर इकडचा तिकडे नाही. पीस संपत आला. आता मीना माझ्याकडे बघणार... तिने मान वळवली. उजवीकडे. मला अंबाडा दिसला. चीड आली, नेहमीसारखी. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मीही मान तुकवलेली नव्हती. तिच्या अंबाड्यावरून, पलीकडे, त्या स्पीकरकडे मी बघत होतो. खांदा हलायची वाट बघत. दहा वर्षं ती त्याच्याकडे बघते म्हणून मी जळलो, आणि तेवढी सगळी वर्षं मीसुद्धा त्याच्याच खांद्यावर वाजवत होतो. बबनने प्रसंग ओळखून आणखी एक आवर्तन फिरवलं, मग मीनाने कसाबसा अंतरा उचलला. पाहुण्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रियाजाला बसलो तेव्हा मी पीस वाजवता वाजवता उजवा खांदा जरा पुढे टाकला. कीबोर्डला त्याची काही गरज नाही, बोट पडलं की सूर लागतो. मीनाने पाहिलं. किती दिवसांनी तिला हसू आलं, आणि डोळे भरले. "उशीर झाला," ती म्हणाली, "हरेशभाऊंचा आधी हलायचा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, गाळ्यावरून आलो की मी कीबोर्डसमोर बसतो आणि सुराच्या आधी खांदा हलवून बघतो. मीना समोर लसूण सोलत बसलेली असते, ऐकून नुसती मान हलवते. अजून जमलेलं नाही. त्या लेकाला कसं जमायचं, देव जाणे.