जानकीअक्कांचे संकेतस्थळ कोणी बंद केले

जानकीअक्कांची पंच्याहत्तरी आपली तंजावूरची मराठी सभा साजरी करणार आणि त्यानिमित्त गौरवग्रंथ काढणार, हे कळले तेव्हा मला प्रथम हसू आले आणि मग संताप आला. संपादकांनी फोनवर सांगितले, "सुमतीबाई, अक्कांच्या मराठी सेवेबद्दल चार चांगले शब्द लिहा. जुन्या वादात शिरू नका." मी अक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, "लिही. पण मज देवी करून बसवू नकोस. जालं ते लिही." तेव्हा जे झाले तेच लिहिते आहे. संपादकांना ते छापवत नसेल तर त्यांनी हा लेख परत करावा. तो कोठे प्रसिद्ध करायचा हे मला ठाऊक आहे, कारण ते अक्कांनीच शिकवले आहे.

आमची पहिली ओळख भांडणातून झाली. माझे वडील ओरत्तनाडूला तालुका कचेरीत कारकून होते. लहानपणी ते तिथल्या छत्राच्या, म्हणजे राजांनी बांधलेल्या धर्मशाळेच्या, वसतिगृहात राहून शिकले. त्या दिवसांची हकीकत त्यांनी आपल्या मराठीत सांगितली होती, आणि अक्कांनी ती ध्वनिमुद्रित करून सभेच्या संकेतस्थळावर ठेवली होती. तिथे अप्पांचे नाव चुकीचे छापले गेले. मी कचेरीतून सुटले ती तडक बसने तंजावूरला आले आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सभेच्या माडीवर चढले. नऊवारी नेसलेल्या, चष्मा कपाळावर सारलेल्या एक बाई संगणकापुढे बसल्या होत्या. कॉलेजात संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या त्या जानकीअक्का.

मी तक्रार सांगितली. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतली, खुर्ची सोडली आणि म्हणाल्या, "बैस. तूच नीट कर."

"मज हे येईना," मी म्हणाले.

"तमिळ टंकतां येतं ना? मग येतं."

त्यांनी मला एक लॉगिन करून दिले. पान उघडले, नाव दुरुस्त केले, एक बटण दाबले आणि माझ्या वडिलांचे नाव साऱ्या जगाला नीट दिसू लागले. मी इतकी वर्षे सरकारी कचेरीत होते. एक अक्षर बदलायला किती सह्या लागतात हे मला माहीत होते. त्या संध्याकाळी मी घरी गेले ती त्यांची शिष्या होऊन.

अक्कांनी हे संकेतस्थळ कसे बांधले, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. त्यासाठी लागणारी प्रणाली मुक्त स्रोत आहे. म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला आहे, कोणीही ती उतरवून घ्यावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तिला मालक नाही. एकदा ती सर्व्हरवर बसवली की ज्याला टंकलेखन येते तो पान घालू शकतो. अक्कांनी मुद्दाम हीच निवडली. "मी मेल्यावर हे कोणापाशी अडकून राहतां नये," असे त्या माडीवर भरणाऱ्या आमच्या वर्गात म्हणत. याच कारणाने त्यांनी संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नव्हे तर सभेच्या मालकीचे नोंदवले. ध्वनिमुद्रणांची डिस्कसुद्धा सभेच्या कपाटात ठेवली. संस्था माणसापेक्षा जास्त टिकते, असा त्यांचा भाबडा विश्वास होता.

त्यांच्या कामाची खरी अक्कल मात्र लिपीत दिसली. आपल्या घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे आता थोडेच उरले आहेत. म्हणून अक्कांनी आपल्या बोलीतला प्रत्येक शब्द देवनागरीत, तमिळ लिपीत आणि आवाजात, असा तिन्ही रीतींनी ठेवला आणि शेजारी त्याचा तमिळ अर्थ दिला. वर्गात त्या कडक होत्या. कोणी आयता मजकूर कुठूनतरी चिकटवला तर सगळ्यांदेखत तो पुसायला लावत. मलाही त्यांनी एकदा रडवले आहे. पण नंतर जिन्यापाशी थांबून, "काफी पिऊन जा, बस सुटली तर सुटो," असेही त्याच म्हणाल्या होत्या.

या तिहेरी रीतीचा उपयोग काय, ते पापनाशमच्या सेल्वीने आम्हाला शिकवले. सेल्वी तमिळ घरातली. घरी शिवणकाम करते. तिने आपल्या मराठी समाजातल्या एका मुलाशी लग्न केले. नवरा नोकरीसाठी चेन्नईत, घरी ती आणि सासू रुक्माबाई. सासू-सुना तमिळमध्येच बोलत. रुक्माबाईंना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा परतली तेव्हा तमिळ गेले होते. फक्त लहानपणची मराठी उरली होती, तीही तुटक.

त्या दिवसभर "उशी, उशी" म्हणत. तमिळमध्ये ऊसि म्हणजे सुई, इंजेक्शन. सेल्वी त्यांचा हात धरून तमिळमध्ये समजावी, "नाही आई, आज इंजेक्शन नाही, भिऊ नका." रुक्माबाई रडत, पुन्हा उशी म्हणत. मान अवघडून गेलेल्या त्या बाईला डोक्याखाली उशी हवी होती.

शेवटी सेल्वीने कानाला ऐकू आलेले रुक्माबाईंचे दुसरे काही शब्द तमिळ अक्षरांत मोबाइलवर टंकले. अक्कांचे पान समोर आले. तिने ते एकेक वाचत, ऐकत नेले आणि त्यात उशी भेटली. नंतर ती अक्कांना फोनवर म्हणाली, "मामी, मी उशी दिली तेव्हा त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मला लाज वाटली. किती दिवस त्या माझ्याकडे एवढंच मागत होत्या."

अक्का दुसऱ्याच दिवशी बसने पापनाशमला गेल्या. रुक्माबाईंच्या खाटेपाशी बसून त्यांनी दुखण्याखुपण्याचे शब्द गोळा केले. कूस, घेरी, आग, धाप, तहान. परत येऊन त्यांचे वेगळे पान केले. असे पान आणखी किती घरांत उघडले जात होते ते आम्हाला ठाऊक नाही. अक्कांना ते मोजायचे नव्हते.

आता सभेने काय केले ते सांगते. नवी कार्यकारिणी आली. तिला संकेतस्थळ जुनाट वाटले. परगावच्या एका कंपनीला काम दिले गेले. अक्कांना विचारले नाही, कळवलेही नाही. नाव सभेचे होते, कपाट सभेचे होते, सही करायला अडचण कोणती? कंपनीने जुने सारे सर्व्हरवरून काढून टाकले. ध्वनिमुद्रणांची डिस्क "तुमचे फोटो यात भरून देतो" म्हणून नेली आणि ती कोरी करून तिच्यात समारंभाचे फोटो भरून दिले. नव्या संकेतस्थळावर पहिल्या पानावर घोडा धावतो, तलवार चमकते आणि खाली पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे येतात. तमिळ लिपीतला एकही मराठी शब्द तिथे उरला नाही.

माझे अप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. त्यांचा आवाज सर्व्हरवर आणि त्या डिस्कवर होता, आणखी कुठेही नव्हता. छत्रातल्या वसतिगृहात सकाळी घंटा कशी वाजे, हे सांगताना ते मध्येच हसत. ते हसणे आता नाही. हे मला अक्कांनी स्वतः घरी येऊन सांगितले. मजकुराची आणि चित्रांची प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर सुखरूप होती, पण आवाज जड म्हणून ते फक्त सर्व्हरवर आणि त्या डिस्कवर होते. "मी त्यांच्या कपाटावर विश्वासले, सुमती," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी सांत्वन केले नाही. स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी ताकभात कालवला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. ती चूक त्यांची होती असे मी त्या दिवशी मानले नाही, आजही मानत नाही. ज्यांनी ती डिस्क न ऐकता पुसू दिली, त्यांची ती आहे, आणि त्यांतले काही जण या ग्रंथाच्या समितीत आहेत.

माझे दुःख एका आवाजाचे होते. पापनाशममध्ये त्याहून वाईट घडले. रुक्माबाई "आग, आग" म्हणू लागल्या. सेल्वीला शब्दाचा अर्थ आठवेना. तिने नेहमीसारखे तमिळ अक्षरांत टंकून पाहिले, जुना पत्ता उघडला, तर घोडा धावताना दिसला. अक्कांचा फोन नंबर तिने कधी लिहून ठेवला नव्हता, तो त्या संकेतस्थळावरच असे, तोही गेला होता. नवऱ्याला फोन लागेपर्यंत आणि त्याला अर्थ कळेपर्यंत लघवीचा संसर्ग अंगभर पसरला होता. रुक्माबाईंना तापाच्या ग्लानीत तंजावूरच्या दवाखान्यात आणले. त्या वाचल्या. डॉक्टर सेल्वीला म्हणाले, "आधी का नाही आणलंत?" तिने काय उत्तर द्यावे?

सेल्वी दवाखान्यातून पत्ता विचारत सभेच्या माडीवर आली, तिथून अक्कांच्या घरी. त्या आठवड्यात सभेची बैठक होती. अक्का तिला घेऊन गेल्या. मीही गेले.

अध्यक्षांनी खुर्ची दिली, काफी मागवली. म्हणाले, "अक्का, तुमचा मान आहेच. पण तमिळ लिपीत लिहिलेलं मराठी पाहून महाराष्ट्रातले पाहुणे काय म्हणतील? आपल्याला भाषा येत नाही असंच ना?"

"पाहुणे येतात, जेवतात, जातात," अक्का म्हणाल्या. "रुक्माबाई इथें राहतात."

"अहो, पण एका घरासाठी…"

"तुमच्या नातीस देवनागरी येते?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिले.

"तुमच्या नव्या संकेतस्थळात एक शब्द बदलायचा जाला तर कोण बदलतो?"

चिटणीस म्हणाले, "कंपनीला मेल करावी लागते. सवडीनं करतात ते."

"जे आपलं होतं ते तुम्ही परक्यांच्या कुलुपांत दिलं," अक्का म्हणाल्या. "मज सांगितलं असतं तर मी घोडाही घालून दिला असता. घोड्यास मी कधी नको म्हटलं? पण आजारी बाईच्या तोंडचा शब्द पुसायचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी काफीला स्पर्श केला नाही. सेल्वीने तमिळमध्ये एवढेच विचारले, "ती पानं परत लावता येतील का?" चिटणीस म्हणाले, कंपनीच्या पॅकेजमध्ये ती सोय नाही. आम्ही तिघी उठलो.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी पुन्हा आरंभ केला. नवे नाव घेतले, साधा सर्व्हर घेतला, तीच मुक्त प्रणाली बसवली, घरच्या प्रतीतला मजकूर चढवला. त्या प्रणालीला मालक नसल्यामुळे त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. या वेळी किल्ल्या त्यांनी एका संस्थेकडे दिल्या नाहीत. पासवर्ड माझ्याकडे आहे, सेल्वीकडे आहे, आणखी काही घरांत आहे, आणि आवाजांसकट बॅकअपही या घरांतून ठेवलेला आहे. वर्ग आता अक्कांच्या ओसरीवर भरतो. सभेची माडी मिळाली नाही. दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगितले गेले. दुरुस्ती करताना मला तरी कोणी दिसले नाही.

मजकूर आला, पण आवाज नव्याने घ्यावे लागले. अक्का गुडघे धरून घरोघरी गेल्या. काही दारे बंद झाली होती, ती माणसे आता नाहीत. जिथे माणूस नाही तिथे अक्कांनी त्या पानावर लिहिले आहे, "हा आवाज आपल्याकडे होता. आपण तो हरवला." या ग्रंथाच्या संपादकांनी ते वाक्य सौम्य करा, असा निरोप पाठवला होता. अक्कांनी केले नाही. माझ्या अप्पांच्या पानावरही ते आहे.

रुक्माबाई बऱ्या होऊन घरी गेल्यावर अक्कांनी त्यांच्यापुढे माइक धरला. त्या एकेक शब्द सावकाश म्हणत गेल्या. आज संकेतस्थळावर "उशी" ऐकलीत तर तो आवाज त्यांचा आहे. आणि ते पान सेल्वी सांभाळते. तमिळ घरातली, शिवणयंत्रावर बसणारी ही सून देवनागरी शिकली, रोज सासूकडून एखादा शब्द घेते आणि चढवते. अक्का तिचीही चूक काढतात. "ळ नि ल एक नव्हे, सेल्वी. तुझ्या तमिळमध्येंही नव्हे." ती मान हलवते आणि सुधारते. मराठीची सेवा या विषयावर भाषण करणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी घरी मुलांना एक शब्द शिकवला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

सभेला माझे एकच सांगणे आहे. जुना पत्ता अजून तुमच्याकडे आहे. अनेक घरांत तोच ठाऊक आहे. तो उघडणाऱ्याला अक्कांच्या नव्या संकेतस्थळावर पोहोचवणे हे काही क्षणांचे काम आहे. अक्कांनी ते लेखी मागितले, मी मागितले, सेल्वीने मागितले. उत्तर आले नाही, निमंत्रणपत्रिका आली. शाल अवश्य द्या. पण त्याआधी हे करा, नाहीतर त्या व्यासपीठावर बसताना तुम्हाला अवघडल्यासारखे झाले पाहिजे.

जानकीअक्कांना आणखी पुष्कळ वर्षे मिळोत. त्यांचे गुडघे त्यांना पापनाशमच्या बसमध्ये चढू देवोत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अक्षर स्वच्छ दिसो, जेवण गोड लागो, झोप गाढ लागो. त्यांचा रागही असाच शाबूत राहो. एवढीच प्रार्थना आहे की, उरलेल्या आयुष्यात तो राग त्यांना पुन्हा आपल्याच माणसांवर खर्च करावा लागू नये.