बाबांच्या घुमटावर मी घातलेली बंदी

लिहिण्याचे धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घराण्यात आजवर लिहिला गेलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे नळाच्या पाण्यासाठी पंचायतीला दिलेला अर्ज, आणि तोही मीच लिहिला होता. (पाणी अजून यायचे आहे.) तेव्हा वाचकांनी अपेक्षा बेताचीच ठेवावी.

तर, माझ्या बाबांच्या हृदयाने यंदा नियमित चालणे सोडले.

आमचे गाव गोव्यातले चोपडे. बाबांनी बरीच वर्षे शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवला, खाण थांबल्यावर शेती धरली. पण वाड्यावर त्यांची ओळख एकच: गणेशचवथीच्या आरत्यांना घुमट वाजवणारा विष्णू. घुमट म्हणजे मातीचे मडके, एका तोंडावर कातडे ताणलेले. बाबांनी ते मांडीवर घेतले की आरती म्हणणारे जास्त वेळ उभे राहतात आणि भिंतीवरच्या पाली घर सोडतात.

दम लागतो म्हणून त्यांना म्हापशाला नेले. डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख काढला आणि नाव सांगितले: एट्रियल फिब्रिलेशन.

"हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. म्हणून ठोके अनियमित पडतात. भीती आहे ती रक्ताची गाठ होण्याची. ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ. ठोक्यांचा वेग आवरायला ही दुसरी, फक्त सकाळी. एकही चुकवायची नाही."

आई-बाबा दोघांनी माझ्याकडे बघितले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जगातले सगळे मला कळते असा त्यांचा समज आहे. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भूगोल.

मी आलेखाचा कागद हातात घेतला आणि बघतच राहिलो. त्यात डोंगर होते, दऱ्या होत्या, आणि दोन डोंगरांमधले अंतर कुठेच सारखे नव्हते. माझ्या बापाच्या आत एवढा मोठा मुलूख पसरलेला असेल असे मला कधी वाटले नव्हते!

मग मी गोळ्या आणायला खाली गेलो. (ही पाच मिनिटे लक्षात ठेवा. मी ठेवली नाहीत.)

घरी येताच मी नवी वही काढली, तिच्यावर 'बाबा' असे लिहिले आणि नियम वाचून दाखवले.

"चाय बंद."

"बरां."

"माडार चढणां बंद."

"बरां." (बाबा आयुष्यात माडावर चढलेले नाहीत.)

"झगडणां बंद."

"तां तुज्या आईक सांग."

"आणि घुमट बंद. यंदा चवथीक वाजवूचां नाय."

डॉक्टरीणबाईंनी यातले काहीच सांगितले नव्हते. पण उत्तेजनाने ठोके वाढतात असे मी फोनवर वाचले होते, आणि मला पक्षाघाताची भयंकर भीती बसली होती. बाबांनी खुंटीवरच्या घुमटाकडे बघितले. मग माझ्याकडे.

"बरां," ते म्हणाले. "तू शिकलेलो."

बातमी वाड्यावर पसरली. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी शांबाकाका एका हातात केळ्यांचा घड आणि काखेत शामेळ घेऊन हजर झाले. शामेळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचा मातीचा ढोल, तो ते बाबांसोबत वाजवतात. मागून झांजवाले दोघे.

"विष्णू, हात दी बघया."

काकांनी मनगटावर तीन बोटे ठेवली, डोळे मिटले. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यात चक्क आदर होता.

"चाळीस वर्सां वाजवतंय मी. पण ह्यो ताल माका कळणा नाय!"

मग झांजवाल्यांनी मनगट धरले. एकाने मान डोलावून बघितली, मध्येच अडखळला, पुन्हा डोलावली आणि हात सोडून दिला.

"आमच्यातलो एकादो चुकलो तर आमी काय करतंव?" काकांनी विचारले. "थांबतंव? नाय. बाकीचे घट धरून वाजवतंव. तो आपसूक जाग्यार येता!"

"काका, ह्या हृदय आसा. भजनी नाय."

"मगे तुजां मशीन लाव आणि बघ."

मी हरलो. (खरे सांगायचे तर मला उत्सुकता होती.) बाबांना मधे बसवले. बोटाला लावायचे नाडीचे यंत्र मी नवेच घेतले होते, ते लावले. आकडे नुसते उड्या मारत होते: ९४, ११२, ८३, १०५. शांबाकाकांनी अगदी हलक्या हाताने आरतीचा ठेका धरला. झांजा कुजबुजल्यासारख्या वाजू लागल्या.

आणि मी बाबांच्या दुसऱ्या हाताकडे बघितले. घुमट खुंटीवर होते, पण त्यांची बोटे गुडघ्यावर चालली होती. एकही चूक नाही! आत सगळा गोंधळ, आणि त्याच रक्तावर चालणारी बोटे घड्याळासारखी. मी तोंड उघडे टाकून बघत बसलो. किती वेळ, माहीत नाही.

भानावर येऊन यंत्र बघितले: ७४. पुन्हा ७४. मग ७५!

"बसलो!" मी ओरडलो. "तालार बसलो!"

झांजवाले उभे राहिले, काकांनी शामेळाला नमस्कार केला. मी वही उघडून म्हटले, "बाबा, आता सांजेची गोळी बहुतेक…"

"अरे," आई म्हणाली, "तां मशीन माज्या बोटाक आसा."

मी बोटे बघत असताना तिने ते काढून स्वतःला लावून बघितले होते. बाबा उठले, पाणी घेतले आणि सांजेची गोळी गिळली. मी शिकलेला ती बंद करायला निघालो होतो!

चवथीच्या आठवडाभर आधी पुन्हा म्हापशाला गेलो.

"ठोके अनियमितच आहेत, पण वेग छान आटोक्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी चुकली नाही ना? आणि घुमट चालू आहे ना?"

मी वही मिटली.

"पहिल्याच दिवशी तुमच्या बाबांनी मला विचारलं होतं. तुम्ही गोळ्या आणायला गेला होता तेव्हा. मी म्हटलं, खुशाल वाजवा, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबा आणि कळवा."

बाहेर येऊन मी विचारले, "बाबा, माका सांगूक नाय कित्याक?"

बाबा चपलेकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात पयल्यांदाच कोणी माज्या नावान वही केली. ती खोटी कशी करतलंय?"

बसमध्ये मी दिवस मोजले. दीड महिना, केवळ माझ्या वहीचा मान राखायला, या माणसाने घुमटाला हात लावला नव्हता! गावात उतरल्याबरोबर मी धावत शांबाकाकांकडे गेलो आणि जाहीर केले, "काका, बाबा यंदा चवथीक वाजवतले!"

काकांनी विडीची राख झाडली.

"वाजवतलो मरे. तू कॉलेजात गेलंस काय रोज दनपारां हयच वाजवता तो. तां पोतां उगडून बघ."

दाराआड, पोत्याखाली झाकलेले, आमचेच घुमट होते. आमच्या खुंटीवर इतके दिवस काकांचे जुने, फुटके टांगलेले होते. आईला माहीत होते, झांजवाल्यांना माहीत होते, दुपारी मासे विकायला येणाऱ्या बाईलाही माहीत होते. मला बातमी पोचायला दीड महिना लागला.

शांबाकाकांचे घर आमच्यापासून तिसरे आहे. नकाशावाचनात वर्गात मी पहिला आहे.