गाळ मीच टाकला

"पिऊन टाक. साहेबांना दिसू दे," सुपरवायझर म्हणाला.

प्रदूषणाच्या तपासणीला आलेले साहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्यापुढं सीलबंद बाटल्या. माझ्या हातात कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी, स्टीलच्या ग्लासात. कामावरच्या एवढ्या बायकांतून मलाच बोलावलं. मालक हसत म्हणाले, "यांच्या वस्तीला सवय आहे साहेब. यांना काही होत नाही."

मी पिऊन टाकलं. उभ्यानं. तोंडात खिळा धरल्यासारखी चव. साहेबांनी 'पाणी चांगलं' म्हणून सही केली, चहा मागवला. मला हातानंच 'जा' म्हणाले.

कारखाना मुकुंदवाडीच्या पुढं. मोटारसायकलच्या पार्टांना चकाकी चढवायचा. मी सोयगावकडची, लग्न होऊन इथं आले. माझं काम तिथल्या रसायनाच्या टाक्यांच्या तळाचा गाळ खरवडायचं. हिरवट पिवळा, ओला. घमेल्यात भरायचा अन् मागच्या भिंतीपलीकडं, नाल्याकाठी पुरायचा. सात वर्षं. बोटांना डाळीएवढी भोकं पडली. नाकातून रक्त यायचं. सुपरवायझर म्हणायचा, "हात धूत जा." कुठल्या पाण्यानं, ते कधी बोलला नाय.

तोच नाला आमच्या वस्तीजवळून जातो. शेजारच्या अनसूयाकाकूंचा भाजीचा तुकडा त्याच्या काठावर. मेथी, पालक. पालक करपायला लागला. हापशाचं पाणी पिवळं झालं. काकू विचारायच्या, "का गं, तुमच्या कारखान्यातून काय येतंय का?"

मी म्हणायचे, "नाय काकू."

लई वेळा म्हणाले. काम जाईल ही भीती होती. दुसरं कारण नाय.

ग्लास प्याले त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं.  आई म्हणाली, "गावात आम्हाला विहिरीला शिवू देत नव्हते. वरून ओंजळीत ओतायचे, तेबी मर्जी असली तर."

फोन ठेवला. आईला तहान होती तर पाणी दिलं नाय. मला तहान नव्हती तर पाजलं. दोन्ही वेळेला ठरवणारे तेच.

वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला. पुन्हा तपासणी लागली. या वेळी एक मॅडम. काकूंसकट दहा-बारा माणसं गेटवर उभी. सुपरवायझरनं मला बोलावलं. तोच ग्लास, तीच विहीर.

मी ग्लास टेबलावर ठेवला.

"मी पिणार नाय."

"ए, नाटक नको. उद्या कामाला यायचंय ना?"

"नाय यायचं."

 मॅडमला म्हणाले, "चला. गाळ कुठं पुरलाय ते दाखवते. मीच पुरलाय."

भिंतीमागं खुरप्यानं वीतभर उकरलं. हिरवी माती वर आली. सगळे मातीकडं बघत होते. काकू माझ्याकडं बघत होत्या.

"तू तर नाय म्हणाली होतीस," त्या एवढंच बोलल्या.

मी खुरपं पुन्हा मातीत घातलं. 

मॅडमनी माती नेली, बाटल्या भरून नेल्या. रिपोर्टचं विचारलं की 'वर पाठवलाय' म्हणतात. कारखाना चालू आहे. काकूंनी पालक उपटून टाकला, माझ्याशी बोलणं टाकलं. मी आता औरंगपुऱ्यात दुकानं झाडते. अर्जाच्या सुनावणीची तारीख लागली की सुट्टी टाकून जाते, दिवसभर बाकावर बसते, सुनावणी घेणारे साहेब नसतात, परत येते. चार वेळा झालं. अंगातलं बळ गेलंय. बोटं अजून भरली नाय.

तरी पुढच्या तारखेला जाणार. नाल्याकाठच्या सगळ्या जागा मला पाठ आहेत. बाभळीखालची, पाइपाजवळची, काकूंच्या बांधालगतची. एकेक उकरून दाखवीन. कुणी टाकला विचारलं तर आधी माझं नाव लिहा म्हणीन. माझं जे व्हायचं ते होऊ दे. त्याच्याखाली सुपरवायझरचं, मालकाचं, अन् मी पीत असताना सही करणाऱ्या साहेबांचं.

एकबी नाव गाळू देणार नाय.