टाकीवरची अक्षरं

भरतकामाच्या कारखान्यात तिला सगळे सुईकाकू म्हणत. सुई सुटून सात वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही. आता ती कॉम्प्युटरवर बसायची. पडद्यावर नक्षीचं पान काढायचं, त्याच्या कडेने एकेक टिंब ठेवायचं, आणि त्या टिंबांवरून पलीकडच्या मशीनी टाके घालायच्या. पगार बरा, खुर्ची गुबगुबीत. माणसाला आणखी काय हवं?

डोळे हवेत. पण ते कळायला तिला फार उशीर झाला.

आधी नुसती जळजळ, मग वाळू गेल्यासारखी खरखर, मग दुपारनंतर एका टिंबाची दोन टिंबं. लेक डबा घेऊन दारातून हाक मारायची. ही मान न वळवता म्हणायची, "एक मिनिट गं." डबा गार व्हायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची पापणीसुद्धा लवत नाही हो. अधूनमधून मान वर करा. लांब बघा. डोळे मिटा."

ऐकून काकूला रडूच कोसळलं. हातात सुई होती तेव्हा हे न सांगता होत होतं. दोरा संपायचा, नवा ओवायच्या आधी मान वर व्हायची, खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर नजर टेकायची. टाकीवर माणसाएवढी निळी अक्षरं होती, दरवर्षी नव्याने रंगवली जाणारी. पडद्यावरचा दोरा मेला संपतच नाही. आणि खिडकीला मालकांनी काळा कागद चिकटवलेला, कारण उजेडात म्हणे पडद्यावरचे रंग फिके दिसतात. मालकांच्या अकलेपुढे हात टेकले बाई.

तिने कागद काढायची विनवणी केली. मालक हसले. "बाहेर काय बघायचंय काकू? टाकीच ना?"

मग व्हायचं तेच झालं. एका पानाची कड चुकली आणि कापडाचा अख्खा गठ्ठा वाया गेला. मालकांनी तिला सुटे धागे कापायला बसवलं आणि वर म्हणाले, "तुमची लेक शिकलेली आहे, तिला बसवा की खुर्चीवर."

घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. काकू स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली.

आता लेक टिंबं ठेवायची आणि काकू कोपऱ्यात बोटांनी चाचपत धागे कापायची. घटकाभराने हाक मारायची, "अगं, मान वर कर."

"एक मिनिट गं आई."

हे ऐकलं की तिचा जीव तुटायचा. कुणाला दोष देणार? पोरगी हे तिच्याकडूनच तर शिकली होती.

एके दुपारी लेकीने डोळे तळहाताने खसाखसा चोळले, पडद्याला नाक लावलं आणि पुन्हा काम सुरू केलं. काकू उठली, खिडकीशी गेली आणि हातातल्या कात्रीने काळा कागद वरपासून खालपर्यंत फाडला. भसकन उजेड आत आला. पडद्यावरचं पान दिसेनासं झालं.

"आई, वेड लागलंय का तुला? मालक दोघींना काढतील."

"काढू देत. इकडे ये. ती टाकी दिसते का?"

"दिसते की."

"मला आता नुसता ढग दिसतो. तू वाच बघू, काय लिहिलंय तिच्यावर?"

लेक खिडकीशी आली. तिने डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा बघितलं.

"लिहिलंय? कुठे गं?"

काकूने कात्री खाली ठेवली आणि उरलेला कागद दोन्ही हातांनी ओरबाडायला घेतला.